युद्धात अडकलेल्या मुलीला 'शिकत राहा' म्हणावं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. ओळखीतून ओळख निघाली आणि गेलं वर्षभर त्या सुदानमधल्या एका मुलीला फोनवरून गणित आणि इंग्रजी शिकवतायत. मुलगी मूळची ओमदुर्मानची. १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली तेव्हा ती १६ वर्षांची होती, माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला. घरचे आधी वद मदनीला गेले. डिसेंबर २०२३ मध्ये लढाई तिथंही पोचली, तशी मंडळी पूर्वेला गदारिफला आली ती आजतागायत तिथंच. मुलगी आता १९ ची. शालान्त परीक्षा अजून व्हायचीय. मागच्या खेपेला शाळेचे कागद नव्हते म्हणून नोंदणी हुकली. तिला डॉक्टर व्हायचंय. ताई विचारतात: "तिला आशा दाखवत राहणं हा क्रूरपणा तर होत नाही ना? परवा तिनं मला विचारलं, टीचर, मी अजून किती वर्षं स्वतःला विद्यार्थिनी म्हणवून घ्यायचं? मला उत्तर सुचलं नाही."

ताई, तुमच्या प्रश्नातला 'आशा' हा शब्द मी आधी बाजूला काढून ठेवतो. अठरा वर्षं मी युद्धातून निसटलेल्या मुलांच्या शिक्षणाचं काम केलं. केनियातली काकुमा आणि जॉर्डनमधली झाअतरी या निर्वासितांच्या छावण्या, मग पूर्व चाड. एवढ्या काळात आशा नसलेला विद्यार्थी मला क्वचित भेटला. ती त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्तच असते, कधीकधी आपल्याला ऐकवत नाही इतकी. त्यांच्याकडे नसते ती तारीख. नोंदणी कधीपर्यंत, परीक्षा कधी, निकाल कुठल्या महिन्यात, पुढचा वर्ग कधी सुरू. शांततेत हे सगळं शाळा परस्पर ठरवते, आपण फक्त कुरकुर करत पाळतो. युद्धात इमारत पडायच्याही आधी हे वेळापत्रक कोसळतं. 'किती वर्षं' हा तिचा प्रश्न मला रडगाणं वाटत नाही, हिशेब वाटतो. तिला आकडा हवाय. तो शक्य तितका खरा आकडा तिच्या हातात देणं हे तुमचं काम, आणि ते जमण्यासारखं आहे.

तारखेचं आणखी एक काम असतं, ते दुरून दिसत नाही. एका खोलीत दोन कुटुंबं राहतायत आणि १९ वर्षांची मुलगी वही घेऊन कोपऱ्यात बसलीय, तर घरच्यांच्या लेखी ती काय करत असते? रिकामी बसलेली असते. पाणी आणायला, धाकट्यांना सांभाळायला, रेशनच्या रांगेत उभं राहायला मोकळी. वर्ष-दोन वर्षं अशी गेली की लग्नाची बोलणी निघतात. आईबाप दुष्ट असतात असं मुळीच नाही. खाणारं एक तोंड कमी होतं आणि मुलगी कुणाच्या तरी आधाराला लागते, एवढाच त्यामागचा विचार. अशा बापांबरोबर बसून मी कितीदा बोललोय. मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व सांगितलं की ते मान डोलावतात, चहा पाजतात आणि पुढच्या महिन्यात लग्न लावून मोकळे होतात. 'तिचा पेपर अमुक तारखेला आहे, तेवढा होऊ द्या' म्हटलं की बहुतेक जण थांबतात. परीक्षा ही त्यांनाही कळणारी गोष्ट आहे.

मुलग्यांचं तेच, फक्त लग्नाच्या जागी बंदूक. सुदानमध्ये सैन्याच्या बाजूनं लढायला गावोगावी तरुण पोरं उतरवली गेली, त्यांना 'मुस्तन्फरीन' म्हणतात. या मुलीला धाकटा भाऊ असेल तर त्यालाही तुमच्या तासाला बसवा. गणित येवो न येवो, त्या तासाला तो घरात असेल.

आता तिच्या परीक्षेबद्दल. तिकडे तिला 'शहादा सुदानिया' म्हणतात आणि तिचं वजन आपल्या बारावीपेक्षा कमी नाही; गुणांच्या टक्क्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. २०२३ च्या तुकडीची परीक्षा युद्धामुळे लांबली ती थेट २८ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. तीन लाखांहून जास्त मुलांनी नोंदणी केली होती. सैन्याच्या ताब्यातली राज्यं आणि इजिप्तसारखे काही देश, इथंच केंद्रं होती. पश्चिमेकडच्या दारफुरच्या ज्या मोठ्या भागावर आरएसएफचा ताबा होता तिथल्या मुलांना बसता आलं नाही, चाडमध्ये पळालेल्यांनाही नाही. काही मुलं लढाईची आघाडी ओलांडून, दिवसचे दिवस प्रवास करून केंद्रावर पोचली. त्यानंतरची तुकडी जून २०२५ च्या अखेरीला बसली. म्हणजे परीक्षा होतायत. उशिरा होतात, देशाच्या अर्ध्याच भागात होतात, पण होतात, आणि गदारिफ त्या अर्ध्यात आहे. दारफुरमधल्या तिच्या वयाच्या मुलीनं हाच प्रश्न विचारला असता तर मला हे उत्तर देता आलं नसतं.

म्हणून पहिलं काम: राज्याच्या शिक्षण खात्यात घरातल्या कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन विचारायचं. पुढची नोंदणी कधी, विस्थापितांना कुठले कागद लागतात, जुन्या शाळेचा दाखला नसेल तर त्याऐवजी काय चालतं. फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत या परीक्षेबद्दल इतक्या अफवा फिरतात की त्यावर विसंबून अभ्यास करणारी मुलं दर महिन्याला एकदा रडतात. खात्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेचा फोटो हाच पुरावा धरायचा.

इथं एक सावधगिरी. युद्धात कधीकधी एका देशात दोन सरकारं होतात आणि दोन्ही परीक्षा घेऊ लागतात. सीरियात विरोधी आघाडीनं २०१३ पासून स्वतःची शालान्त परीक्षा घेतली. मुलांनी बाँबच्या आवाजात पेपर लिहिले, अभ्यास खरा, गुण खरे. प्रमाणपत्र तुर्कस्तानात चाललं, बाकी बऱ्याच ठिकाणी अडलं, कारण शिक्का कुणाचा हा प्रश्न अभ्यासाच्या वर बसतो. झाअतरीत असा एक मुलगा माझ्यासमोर दोन प्रमाणपत्रं घेऊन बसला होता. एक सरकारी, नववीचं. दुसरं आघाडीचं, बारावीचं, उत्तम गुणांचं. मी कारकुनासारखा पहिलंच उचललं, कारण पुढच्या टेबलावर तेच चालणार होतं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. सुदानमध्येही आता समांतर सरकार आहे. तुमच्या मुलीला सध्या ती अडचण नाही, पण पुढे कुटुंब हललं तर कोणाची परीक्षा कुठं चालते हे विचारल्याशिवाय फी भरू नये.

कागदांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या कामात मुलांची वर्षं सगळ्यात जास्त वाया गेलेली पाहिली ती इथं. बुद्धी कमी पडली म्हणून मागे राहिलेली मुलं मी हाताच्या बोटांवर मोजीन.

पुढच्या तासाला गणित नको. तिला म्हणा, घरात जे काही कागद आहेत ते सगळे चटईवर मांड. जन्मदाखला, राष्ट्रीय क्रमांक असलेलं ओळखपत्र, पासपोर्ट असेल तर तो, आठवीची गुणपत्रिका, शाळेचं ओळखपत्र, लसीकरणाचं कार्ड, जुनी प्रगतिपुस्तकं, वर्गाचा फोटोसुद्धा. मग एकेकाचा फोटो. सकाळी, सावलीत, फ्लॅश बंद. चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि मागची बाजूही, कारण शिक्के पुष्कळदा मागं असतात. फोटो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला तर तो दाबला जाऊन शिक्क्यावरची अक्षरं फुटतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एक संच तुमच्याकडे, एक तिच्या स्वतःच्या ईमेलवर, एक देशाबाहेरच्या नातेवाइकाकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानभर नेट आणि फोन दोन्ही बंद पडले होते, म्हणून 'नंतर पाठवते' हे वाक्य तिच्याकडून मान्य करू नका. मूळ कागद लॅमिनेट करू नयेत. पावसापासून वाचवायला म्हणून लोक करतात, पण पुढे त्यावर नवा शिक्का उमटत नाही आणि काही कचेऱ्या तो कागद घेतच नाहीत. झिपची साधी प्लास्टिक पिशवी पुरते.

मग नाव. सुदानमध्ये नावाला आडनाव नसतं. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं अशी चार नावं ओळीनं येतात. अरबीत ती सगळीकडे सारखी असतात, पण रोमन लिपीत पासपोर्टवर एक स्पेलिंग, गुणपत्रिकेच्या भाषांतरात दुसरं, ऑनलाइन अर्जात तिसरं, आणि कुठेतरी चारातली तीनच नावं. अर्ज तपासणारा माणूस त्यातून तीन वेगळ्या मुली तयार करतो. तिच्याकडे पासपोर्ट असेल तर त्यावरचं स्पेलिंग हेच अंतिम; नसेल तर आज एक ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगा आणि तुम्हीही तिचं नाव तसंच लिहा. तुमच्या शिफारसपत्रात तुमच्या कानाला ऐकू आलेलं नाव नको.

आणि ओमदुर्मानचा दाखला. शाळा बंद असेल, इमारतीत अजून लोक राहत असतील, नोंदींचं दप्तर जळालंही असेल. पण शाळा म्हणजे माणसंही असतात. मुख्याध्यापिका कुठेतरी आहेत: कैरोत, पोर्ट सुदानला, कदाचित गदारिफमध्येच चार गल्ल्या पलीकडे. १ कोटी २० लाखांहून जास्त लोक घर सोडून निघालेल्या देशात माणूस शोधणं अशक्य वाटतं, पण शाळांचे जुने व्हॉट्सॲप गट आश्चर्यकारक रीतीनं टिकून असतात. वर्गमैत्रिणींपैकी एक जरी सापडली तरी धागा लागतो. मुख्याध्यापिकेनं साध्या कागदावर, तारीख घालून, 'ही मुलगी अमुक वर्षी अमुक वर्गात माझ्या शाळेत होती' एवढं सहीनिशी लिहून दिलं तर रिकाम्या हातापेक्षा ते कितीतरी बरं.

काहीच मिळालं नाही तर? तरीही दार पूर्ण बंद होत नाही, मात्र ते दुसऱ्या बाजूला उघडतं. युरोपातल्या देशांनी १९९७ च्या लिस्बन करारात एक कलम घातलं: निर्वासिताकडे कागद नसले तरी त्याची पात्रता न्याय्य रीतीनं पडताळून बघायची सोय हवी. त्याच धर्तीवर युरोप परिषदेनं २०१७ पासून निर्वासितांसाठी 'पात्रता पासपोर्ट' सुरू केला, युनेस्कोचाही तसा आहे. यात मुलाखत घेतात. ती कशी असते ते सांगतो. दारफुरमधल्या अल-जिनैनाहून २०२३ मध्ये चाडला पळून आलेल्या एका मुलाचं पार्श्वभूमीचं टिपण मी करत होतो. गुण विचारले, त्याला सांगता येईनात. मग विचारलं, रसायनाची प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर? तो हसला. म्हणाला, मजला कसला, एकच खोली, आणि ॲसिडची बाटली खिडकीत ठेवायचे म्हणून खिडकीची जाळी कुजली होती. शिक्षक टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब मिसळून द्रावणाची तीव्रता काढायचा प्रयोग, स्वतः करून दाखवायचे, मुलांना ब्युरेटला, म्हणजे त्यातल्या मोजनळीला, हात लावू देत नसत, कारण एकच होती. मी कागद सरकवला, त्यानं न विचारता टायट्रेशनचं गणित मांडून सोडवलं. एकक लिहायला विसरला, कपाळावर हात मारून पुन्हा लिहिलं. खोटं बोलणाऱ्याला ती जाळी सुचत नाही. तिला सांगा, शाळेबद्दल आठवेल ते अरबीतच लिहून ठेव: कुठली पुस्तकं, कुठल्या धड्यापर्यंत झालं होतं, शिक्षकांची नावं, शेवटच्या दिवशी फळ्यावर काय होतं. तीन वर्षांत आठवण धूसर होते, पाच वर्षांत जवळजवळ जाते.

शिकवण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, पण युद्धातल्या विद्यार्थ्याच्या दोन-तीन गोष्टी वेगळ्या असतात. त्याला आलेलं विसरतं. काल सोडवलेलं समीकरण आज कोरं. झोप तुटलेली असते, कान सतत बाहेर असतो, आणि डोक्यात एकाच वेळी चार पायऱ्या धरून ठेवायची ताकद कमी झालेली असते. तिला 'मी ढ झाले' असं वाटू लागतं. तिला सरळ सांगा की हे असंच होतं, मूळ क्षमता कुठे गेलेली नाही. तास २५ मिनिटांचा ठेवा, सुरुवात नेहमी जमणाऱ्या गणितानं करा, आणि पायऱ्या कागदावर उतरवायला लावा म्हणजे डोक्यावरचा भार कागदावर जाईल. व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडा. वीज दिवसातून कधी येते आणि नेटला किती पैसे पडतात हे तिला विचारा. व्हॉइस मेसेज आणि वहीच्या पानाचा फोटो एवढ्यावर उत्तम शिकवता येतं. इंग्रजीच्या तासाला 'तुझ्या युद्धाच्या आठवणी' असला निबंध चुकूनही देऊ नका. मी एकदा दिला होता. सगळ्या वर्गानं पानं भरून लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आलाच नाही.

अभ्यास कशाचा, तर सुदानच्या पाठ्यपुस्तकांचा. त्यांच्या पीडीएफ मिळतात. अरबीत खान अकादमीचे फुकट ऑनलाइन धडे आहेत, नेटशिवाय चालणारी किविक्स आणि कोलिब्री ही ॲप आहेत, सगळं चांगलंच. पण प्रश्नपत्रिका त्यातून निघत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांची पंधरा प्रमाणपत्रं असलेली आणि शालान्त परीक्षा नसलेली मुलं मी पाहिलीत. ती प्रमाणपत्रं प्रवेशाच्या टेबलावर कुणी उलटूनही बघत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा, तिच्याकडून वेळ लावून सोडवून घ्या. तारखा घालून तिच्या वह्या जपायला सांगा.

लोक मला नेहमी जुनी उदाहरणं देतात. जपान्यांनी चीनवर चढाई केल्यावर पेकिंग, चिंगह्वा आणि नानकाई ही तीन विद्यापीठं एकत्र होऊन पार नैर्ऋत्येला कुनमिंगला गेली, १९३८ ते १९४६ तिथं चालली. काही विद्यार्थी-शिक्षक चांगशाहून तिथवर चालत गेले. यांग आणि ली हे १९५७ चे भौतिकीचे नोबेलविजेते त्याच वर्गांतले. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये माध्यमिक आणि विद्यापीठाचं शिक्षण बंद केलं तर लोकांच्या घरांत गुप्त वर्ग भरले. ही उदाहरणं सांगताना सगळे जिद्दीवर बोलतात. मला त्यातलं नोंदींचं दप्तर दिसतं. कुनमिंगला पत्र्याच्या छपराखाली का होईना, हजेरी होती, गुण होते, पदवी होती. पोलंडमध्ये पकडलं तर छळछावणी, हे माहीत असूनही शिक्षकांनी परीक्षा घेतल्या आणि नोंदी लपवून ठेवल्या, म्हणून युद्धानंतर ते शिक्षण ग्राह्य धरता आलं. युक्रेननं २०२२ मध्ये हेच नव्या साधनांनी केलं. प्रवेशपरीक्षा आटोपशीर करून संगणकावर आणली, देशाबाहेरही केंद्रं काढली. भोंगा वाजला की मुलं आसऱ्याला जातात आणि परत येऊन पेपर पुढे लिहितात. गाझात २०२४ ला बारावीच्या सुमारे ३९ हजार मुलांची तौजिही परीक्षाच होऊ शकली नाही, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या काहींसाठी ती ऑनलाइन घ्यावी लागली. जिद्द या सगळ्याच मुलांमध्ये होती.

आता डॉक्टर व्हायचं. ते स्वप्न कापू नका, पण त्याचे तुकडे करा. पहिला तुकडा शालान्त परीक्षा. दुसरा तुकडा, तिच्या गुणांवर सुदानमध्येच कुठे प्रवेश मिळतो. खार्तूम विद्यापीठासह तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी युद्धातही तास ऑनलाइन आणि परीक्षा दुसऱ्या शहरांत घेऊन गाडा चालू ठेवलाय. वैद्यकीयला मात्र रुग्णालय लागतं, ते फोनवर येत नाही. २०२२ ला युक्रेनहून परतलेल्या आपल्या हजारो विद्यार्थ्यांना हे चांगलंच कळलं. नुसत्या ऑनलाइन वर्गांवर इथं डॉक्टर म्हणून नोंद होईना. तेव्हा परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, औषधनिर्माण हे रस्ते तिच्यासमोर आत्ताच ठेवा, 'नाही जमलं तर' म्हणून नव्हे, तर ज्या देशात युद्धानं दवाखाने बंद पाडलेत तिथं या माणसांची पहिली गरज लागते म्हणून.

शिष्यवृत्त्यांबद्दल एक नियम माहीत हवा. निर्वासितांसाठीच्या बहुतेक शिष्यवृत्त्या सीमा ओलांडलेल्यांना असतात. जर्मनीच्या पैशांवर १९९२ पासून चालणारी यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची 'डाफी' ही त्यातली मोठी. तुमची मुलगी स्वतःच्या देशात विस्थापित आहे, म्हणजे कायद्यानं निर्वासित नाही, म्हणजे डाफीला पात्र नाही. पण यावरून 'मग सीमा ओलांड' असं सुचवू नका. तो निर्णय तिच्या घरच्यांचा, आणि वाळवंटातल्या वाटेची किंमत तुम्हाला-मला मोजायची नसते. तसंही, सीमेपलीकडे रांग मोठीच आहे. जगभरातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत पोचतात ते दहा टक्क्यांहूनही कमी. काही वर्षांपूर्वी हे १ टक्का होतं, आणि २०३० पर्यंत १५ टक्क्यांचं उद्दिष्ट आहे. सुधारणा खरी आहे, पण बाहेर राहणारे अजून शंभरात नव्वदहून जास्त आहेत. भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या (आयसीसीआर) शिष्यवृत्त्या जरूर बघा, सुदानी मुलं आपल्याकडे कित्येक वर्षं शिकायला येतायत. मात्र तिथंही पहिल्याच रकान्यात शालान्त परीक्षेचे गुण लागतात. जो कुणी अर्ज करून देण्याचे किंवा जागा राखून ठेवण्याचे पैसे मागेल त्याचा नंबर लगेच ब्लॉक करायला सांगा. अशा दलालांचं पीक विस्थापितांच्या वस्तीत सगळ्यात चांगलं येतं.

क्रूरपणाबद्दल तुम्ही विचारलंत, तर तो माझ्या हातून घडलाय. झाअतरीत एक हुशार मुलगा होता, त्याच्या अर्जावर मी खूप मेहनत घेतली आणि सहज बोलून गेलो, 'तुझं होईलच.' परदेशातल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती होती. त्यानं छावणीतला विजेच्या कामाचा वर्ग सोडला, कारण आता जायचंच होतं. रोज संध्याकाळी नेट पकडेल अशा टेकाडावर जाऊन ईमेल बघायचा. उत्तर आलंच नाही, नकारही नाही. दीड वर्ष तो टेकाडावर जात होता. विजेच्या वर्गात त्याच्या मागून आलेली मुलं तोवर कमवायला लागली. त्यानंतर 'होईल' हा शब्द मी विद्यार्थ्यासमोर वापरलेला नाही. 'अर्ज गेला, उत्तराची शेवटची तारीख अमुक, त्या दिवसानंतर आपण हे विसरणार आणि तोपर्यंत तुझा तास चालू', असं बोलतो. ऐकायला कोरडं लागतं, पण मुलांना चालतं.

तिनं विचारलेल्या प्रश्नाला म्हणून मी असं उत्तर दिलं असतं: पुढच्या परीक्षेची तारीख लागेल, ती बहुधा एकदा पुढे ढकलली जाईल, तेव्हा एका वर्षाऐवजी दीड वर्ष धर. त्यानंतर प्रवेश, त्यात आणखी काही महिने. विद्यापीठात पाऊल ठेवशील तेव्हा तू २१-२२ ची असशील. २०२३ च्या ऑक्टोबरात युनिसेफनं सुदानमधली १ कोटी ९० लाख मुलं शाळेबाहेर असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे तू एकटी मागे पडलेली नाहीस, अख्खी रांग थांबली होती. वर्गात तुझ्यापेक्षा मोठीही असतील. आणि ही तारीखही हुकली, तर आपण पुन्हा बसून नवा हिशेब मांडू.

हे शेवटचं वाक्य तुम्हाला निभावता येणार असेल तरच बोला. तब्येत, घर, काहीही कारणानं तुम्हाला थांबावं लागणार असेल तर तेही तिला आधी, तारखेसकट सांगा. न सांगता गायब झालेली माणसं तिनं पुष्कळ पाहिलीत.

मुख्याध्यापिकेचं नाव आणि शाळेचा भाग तिच्याकडून घेऊन मला कळवा. कैरोत सुदानी शिक्षकांचे दोन गट माझ्या ओळखीचे आहेत, तिथं विचारतो. दाखल्याचा मजकूर अरबीत कसा असावा त्याचा नमुनाही पाठवतो, फक्त तिचं चार भागांचं पूर्ण नाव आधी तिच्या हातचं लिहून येऊ द्या.